इरले आणि रुमाल

मृग नक्षत्र जवळ आले आणि समुद्रावरचा वारा फिरला की आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात झाकाझाकीचे दिवस सुरू होतात. पाचूबंदरला, अर्नाळ्याला कोळीबांधव आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि शाकारून ठेवतात. वाड्यांमधून चुलीची लाकडे, सुकलेल्या झावळ्या, गुरांचा पेंढा अंगणातून पडवीत जातो. सुकी मासळी डब्यांत आणि लोणची-मसाले फडके बांधलेल्या बरण्यांत बंद होतात. घरे कुडाची होती तेव्हा भिंतींना पावसाच्या बाजूने माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधीत. आता झापांची जागा ताडपत्रीने आणि प्लॅस्टिकने घेतली आहे. ज्या भूमीवर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे काय झाकावे, कशाने झाकावे आणि किती दिवस झाकावे, हे ज्ञान घरोघरी वारशानेच आलेले असते.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत या यादीत एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे अंगणात उभी असलेली मोटारगाडी. गाडीला कव्हर घालणे हा काय लेखाचा विषय झाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु या साध्या कामाने आमच्या घरात एक प्रश्न उभा केला आणि त्याचे उत्तर मिळायला आम्हां भावंडांना दोन पावसाळे लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्याकडील जुनी घरे बैलगाडीच्या काळातली. त्यांना ओटा आहे, ओटी आहे, माजघर आहे, मागे विहीर आहे. मोटारीसाठी मात्र खोली नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि मोटार ही केवळ श्रीमंतांची वस्तू उरली नाही. पुढे बँकांची कर्जे आली, आखाती देशांतला पैसा आला आणि आमच्या आळ्यांतूनही गाड्या दिसू लागल्या. घरात जागा नसल्यामुळे त्या उभ्या राहिल्या अंगणातल्या झाडाखाली. झाडाची सावली म्हणजे बिनखर्चाचे छप्पर, असा सर्वांचा समज होता.

झाड सावली देते हे खरे, पण ते आणखीही बरेच काही देते. आंबा मोहरला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून पाझरणारा मधासारखा चिकट द्राव खाली ठिबकतो. त्यावर धूळ बसते, पुढे काळी बुरशी धरते. जांभळे पिकली की रात्री वटवाघळे येतात आणि सकाळी टपावर जांभळे सडे पडलेले असतात. कावळ्या-साळुंक्यांची विष्ठा आम्लयुक्त असते. ती उन्हात तापली की रंगात डाग कोरून जाते, मग कितीही घासले तरी तो निघत नाही. माडाखाली गाडी उभी करण्याविषयी तर बोलायलाच नको. नारळ कोणत्याही कव्हराला जुमानत नाही.

उन्हाचे काम याहून सावकाश आणि अधिक खोलवर चालते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रंगाला धरून ठेवणाऱ्या राळेचे बंध तोडतात. जुन्या गाड्यांवर बोट फिरवले की बोटाला खडूसारखी भुकटी लागे, ती या तुटलेल्या थराचीच. नव्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. तो आधी ऊन सोसतो, पुढे निस्तेज होतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटतात. तांबडा रंग त्यातल्या त्यात लवकर विटतो. खिडक्यांची रबरे कडक होऊन तडकतात. काचेतून आत शिरलेले ऊन आसनांना आणि डॅशबोर्डला तापवते, परंतु त्यांच्यापासून निघणारी उष्णता काचेतून तितक्या सहजतेने बाहेर जात नाही.

पावसाळ्यात शत्रू बदलतो. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू हे दोन्ही लागतात; मीठ हे काम झपाट्याने करवून घेते. आमच्याकडे नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून मीठ घेऊनच येतो. अशा वेळी माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो प्लॅस्टिकचा. एक थेंब आत जाणार नाही असा जाड कागद आणावा आणि गाडी गुंडाळून टाकावी. परंतु गाडीखालची जमीन ओलीच असते. तिची वाफ वर चढते, कागदाखाली कोंडते आणि रात्री पत्रा गार झाला की त्यावर दवासारखी उतरते. बाहेरचा पाऊस थांबतो, ऊन पडते, अंगण सुकते. कागदाखाली मात्र गाडी ओलीच राहते. कव्हर अजिबात नसते तर निदान वाऱ्याने ती वाळली असती.

आमच्या शेतकऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. भातलावणीच्या वेळी बाया इरले घेत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पाने दाबून बसवलेली. डोक्यावरून पाठीवर उतरणारे आणि खालून मोकळे. वरून कोसळणारा पाऊस पाठीवरून घसरून जाई आणि खालून वारा खेळत राही. वाकून काम करणाऱ्या बाईचे अंग घामाने भिजू नये याची काळजी त्या रचनेतच घेतलेली होती. गाडीचे चांगले कव्हर म्हणजे मोठे इरलेच होय. आज असे कापड मिळते की जे पावसाचा थेंब अडवते पण वाफेला वाट देते. त्याला बाजूने हवेची तोंडे ठेवलेली असतात, आतून मऊ अस्तर असते आणि वाऱ्याने ते फडफडू नये म्हणून पोटाखालून बांधायचे पट्टे असतात.

कापड चांगले असले तरी हात चांगला हवा. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर चढवले तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीबरोबर आतली धूळ पॉलिशकागदासारखी रंगावर घासत राहते. म्हणून आधी धुणे, मग वाळवणे आणि मगच झाकणे. नुकत्याच बंद केलेल्या गाडीवर कव्हर घालू नये. सायलेन्सर तापलेला असतो. काढताना कव्हर दोन्ही बाजूंनी टपावर आणावे आणि मळलेला पृष्ठभाग आतल्या घडीत जाईल असे गुंडाळावे, म्हणजे पुढच्या वेळी बाहेरची धूळ गाडीला लागत नाही. पावसाने उघडीप दिली की कव्हर काढून माडाला बांधलेल्या दोरीवर टाकावे आणि गाडीला तासभर वारा द्यावा. दोन-तीन वर्षांत ऊन खाऊन कापड विरते. ते विरणारच; गाडीच्या वाट्याचे ऊन तेच सोसत असते.

कव्हराला मर्यादाही आहेत. ते वरून येणाऱ्यापासून वाचवते, खालून चढणाऱ्यापासून नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार पाण्यात बुडाले. अशा दिवशी गाडी वेळीच उंच जागी नेणे हाच एक उपाय असतो. पाणी गाडीत शिरलेच तर ती चालू करून पाहू नये. पाणी इंजिनात ओढले जाते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लहान मुलांना झाकलेली गाडी म्हणजे लपंडावाची उत्तम जागा वाटते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलेले आढळले आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झालेली होती. काच थोडी उघडी ठेवूनही विशेष फरक पडला नाही. म्हणून अंगणातली गाडी सदैव कुलूपबंद असावी आणि किल्ली मुलांच्या हाताला लागू नये.

इथवर झाले ते गाडीविषयी. आता आमच्या घराविषयी.

आमचा थोरला भाऊ, आम्हां सर्वांचा दादा, आखातात नोकरीला आहे. वर्षातून एक महिना तो घरी येतो. काही वर्षांपूर्वी त्याने एक तांबडी गाडी घेतली. त्या दिवशी आमच्या धर्मगुरूंनी अंगणात येऊन प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले आणि आईने आरशाला जपमाळ अडकवली. महिना संपला, दादा परत गेला आणि जाताना सांगून गेला, “गाडी नीट झाकून ठेवा. मी आलो की काढू.” पुढच्या खेपेस येणाऱ्या एका मित्राबरोबर त्याने तिकडून कव्हरही पाठवले. ते रुपेरी होते आणि आतून सुती होते. वाळवंटातल्या उन्हाला आणि धुळीला ते उत्तम. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत त्याने आमच्याकडेही चोख काम केले. परंतु सुती अस्तर पावसात पाणी पिऊन बसते. मृगाच्या आधी आईने ते धुऊन, वाळवून कपाटात ठेवले आणि पावसासाठी इथल्या बाजारातून दुसरे आणवले.

दादाचे म्हणणे समजून घ्यायला हवे. एका खोलीत चौघे राहतात, शुक्रवारी आठवड्याचा स्वयंपाक करून ठेवतात, दिवस मोजतात. अशा माणसाला आपल्या अंगणात आपली गाडी आपली वाट पाहत उभी आहे, या विचाराचा मोठा आधार असतो. फोनवर आईच्या तब्येतीनंतर त्याचा दुसरा प्रश्न गाडीविषयीच असे. त्या कव्हराखाली त्याचे घरी येणे जपून ठेवलेले होते. आम्हीही ते मनोभावे जपत होतो.

परंतु यंत्राला विश्रांती मानवत नाही. न चालणाऱ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते. टायर एकाच जागी दबून बसतात. दमट हवेत हॅन्डब्रेक ओढून ठेवला तर ब्रेकचे पट्टे ड्रमला चिकटतात. त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी पाचरी लावणे बरे. आसनांवर बुरशी धरते. अंधार आणि ऊब पाहून उंदीर-घुशी संसार थाटतात आणि तारा कुरतडतात. आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे हाही उपाय नव्हे; त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि तो आतून गंजतो. गाडी आठवड्यातून एकदा तरी पाच-दहा किलोमीटर चालली पाहिजे. म्हणजे झाकून ठेवलेल्या गाडीला सर्वांत मोठी गरज असते ती कव्हर निघण्याची.

हे आम्ही आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “चालवायचीच आहे तर मग रिकामी कशाला चालवायची?”

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि दर मंगळवारी व शुक्रवारी डायलिसिससाठी त्यांना जावे लागे. प्रत्येक वेळी चार तास. सकाळी सहाचा पाळा. पहाटे रिक्षा मिळवणे, खड्ड्यांतून हिसके खात जाणे, येताना गळून गेलेल्या अंगाने पावसात उभे राहणे, हे सारे आम्ही ओट्यावरून पाहत होतो. मधल्या दहा पावलांवर एक चालती गाडी पट्टे आवळून उभी होती.

आईने दादाला फोन केला. दादा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “आई, आजारी माणसाला नको म्हणत नाही मी. पण आठवड्यातून दोनदा, वर्षभर... गाडी नवी राहील का?” आई म्हणाली, “बाळा, गाडी तुझीच आहे. पण फादरांनी आशीर्वाद दिला तो प्रवासासाठी. उभे राहण्यासाठी कोणी आशीर्वाद मागतो का?”

त्या रात्री आम्हां भावंडांत बराच वाद झाला. दादाच्या कष्टाचे मोल ठरवणारे आम्ही कोण, असे एकाचे म्हणणे. ते अगदीच चुकीचे नव्हते. बोलता बोलता लूकच्या शुभवर्तमानातील दहा मोहरांचा दाखला निघाला. त्यातला एक चाकर धन्याची मोहर रुमालात गुंडाळून ठेवतो आणि धनी आल्यावर जशीच्या तशी परत करतो. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. मोहरेवर ओरखडासुद्धा उमटला नाही. तरी धन्याने त्यालाच दोष दिला. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला हा चाकर बिचारा वाटे. त्या रात्री मात्र त्याच्या रुमालाकडे आमचे लक्ष गेले.

झाकण्याला ख्रिस्तसभेचा विरोध आहे असे नाही. प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारपासून क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकण्याची प्रथा अनेक चर्चमध्ये आहे. क्रूसावरचे कापड गुड फ्रायडेच्या विधीपर्यंत असते आणि मूर्तींवरचे ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत. झाकतानाच ते केव्हा काढायचे हे ठरलेले असते. त्या चाकराच्या रुमालाला तसा दिवस नव्हता. शेतातल्या इरल्याचेही तेच आहे. ते पाठीवर घेतलेली बाई घरी बसत नाही, चिखलात उतरते. काम थांबू नये म्हणूनच ते घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचाच निरोप आला. “मंगळवारपासून न्या. डिझेल मी पाठवीन.”

पुढचे वर्षभर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे पाच वाजता अंगणातला दिवा लागे. आई स्वतः कव्हराचे पट्टे सोडी, दोघे मिळून घडी घालत आणि आमच्यापैकी ज्याची पाळी असेल तो चाकाखालच्या पाचरी काढी. काका काठी टेकत येत. पैसे घ्यायला आई तयार नव्हती, म्हणून ते आपल्या झाडाची सोनचाफ्याची दोन फुले आणून डॅशबोर्डवर ठेवीत. “वहिनी, हे भाडे नव्हे,” असे प्रत्येक वेळी म्हणत. परतताना बहुधा ते डोळे मिटून पडलेले असत. कधी बरे वाटत असले तर शाळेतल्या गोष्टी सांगत. गाडीत चढताना त्यांची काठी मागच्या दाराला एकाच जागी लागे. तिथे हळूहळू बोटभर लांबीचा ओरखडा उमटला. त्याखालचा पत्रा गंजू नये म्हणून आम्ही त्यावर रंगाचा हात दिला, पण रंग हुबेहूब जुळला नाही.

त्या नाताळला दादा आला. रात्रीच्या विमानाने येऊन पहाटे घरी पोहोचला आणि चहाही न घेता अंगणात गेला. त्याने स्वतः कव्हर काढले. आम्ही ओट्यावर उभे होतो. तो गाडीभोवती फिरला, मागच्या दारापाशी थांबला, त्या ओरखड्यावरून त्याने अंगठा फिरवला. मग दार उघडून आत वाकला. आत चाफ्याचा वास कोंदलेला होता. बराच वेळ तो तसाच राहिला. बाहेर येऊन म्हणाला, “उद्या मंगळवार ना? काकांना किती वाजता न्यायचे?” त्या महिन्यात त्याने एकही पाळी कोणाला दिली नाही.

पुढच्या श्रावणात, एका रविवारी, काका गेले. चर्चच्या दफनभूमीत माती देऊन आम्ही परतलो तेव्हा पाऊस धरलेला होता. मंगळवारी पहाटे पाच वाजता अंगणातला दिवा लागला. आम्ही उठून पाहिले तर आईने सवयीने पट्टे सोडले होते, अर्धे कव्हर टपावर गुंडाळले होते आणि ती तिथेच हात टेकून उभी होती. आम्हांला वाटले, आता ती कव्हर पुन्हा ओढील. थोड्या वेळाने ती म्हणाली, “काढलेच आहे तर वारा लागू दे.”

त्याच आठवड्यात काकांच्या बायकोने आईला सांगितले की, डायलिसिसच्या खोलीत काकांच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी येत असे. पलीकडच्या आळीतली, बारावीला असलेली. तिचे वडील रात्रपाळी करून थेट तिला घेऊन जातात, रिक्षाने. आईने हे ऐकून घेतले आणि दादाला फोन लावायला सांगितला. तिने बोलायला सुरुवात करण्याआधीच तिकडून प्रश्न आला, “तिचा पाळा कितीचा आहे?”

पाळा सोमवारचा आणि गुरुवारचा आहे, सकाळी सातचा. तांबडा रंग आता टपावर किंचित उतरला आहे. पावसाचे कव्हर तिसऱ्यांदा बदलले. आई हल्ली वाकू शकत नाही, तेव्हा पट्टे आम्ही सोडतो आणि ती ओट्यावरून घडी सरळ आहे की नाही ते पाहते.